पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण मोठी गोड आहे. बारशाला जमलेल्या आत्या-मावश्यांच्या तोंडी ती शोभूनही दिसते. परंतु म्हणींची एक खोड असते. ज्यांचे पाय पाळण्यात दिसले आणि जे पुढे खरोखरच धावले, त्यांचीच आठवण त्या ठेवतात. ज्यांचे पाय तितकेच सुरेख दिसले होते आणि जे पुढे वाटेत कोठेतरी बसले, त्यांच्याविषयी म्हण अवाक्षर काढीत नाही. तो हिशेब इतिहासाने ठेवायचा असतो. मैदानी खेळांत हा हिशेब इतर क्षेत्रांपेक्षा चोख असतो; कारण तेथे धावा मोजतात, गोल मोजतात, आणि गुणलेखकाची वही कोणाच्या आत्याचे ऐकत नाही.

ही वही चाळण्याचा प्रसंग माझ्यावर केदारखेड्याने आणला. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, पूर्णेच्या काठचे हे गाव. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनांच्या काळी तेथील हस्तिदंती कोरीवकाम नामांकित होते. आज या भागात कापूस, मका आणि सोयाबीन यांचे राज्य आहे, आणि संध्याकाळी मोकळ्या रानात क्रिकेटचे. माझा एक मावसभाऊ तेथे शेती करतो. त्याच्या थोरल्या मुलाला यंदा पंधरावे लागले. पोरगा फलंदाजी झकास करतो. तालुक्याला आणि जिल्ह्याला त्याने दोन-तीन मोठ्या खेळ्या केल्या, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले, आणि गावात त्याच्या नावाचा फलकही लागला. उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा मावसभाऊ मला बांधावर घेऊन गेला आणि इकडचेतिकडचे काही न बोलता म्हणाला, "अण्णा, लोकं म्हणतेत ह्यो जालन्याचा दुसरा झोल हाये. पाच एकरातलं दोन एकर काढावं म्हणतो. पुण्याला खोली घ्यावी, पोराला तिथंच ठेवावं. तुम्ही शिकलेले, पुस्तकं वाचता. चालंल का पोरगं?"

दोन एकर काळी जमीन आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा! या दोहोंच्यामध्ये उभे राहून उत्तर द्यायचे होते. "दिवाळीपर्यंत सांगतो," असे म्हणून मी वेळ मागून घेतला. पुढे जे लिहिले आहे ते त्या उत्तरासाठी जमविलेले टाचण होय. ते एकट्या केदारखेड्यापुरते नाही. ज्या घरात एखादे मूल हार्मोनियमवर, बुद्धिबळाच्या पटावर किंवा हॉकीच्या मैदानावर चमकले आहे, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न या ना त्या रूपाने फराळाच्या ताटाभोवती निघतच असेल.

प्रथम तो 'पहिला झोल' पाहू. विजय झोल हा जालन्याचा. जन्म १९९४ चा. २०११ साली एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या. तेव्हा तो सतरा वर्षांचाही पुरता नव्हता, किंवा नुकताच झाला होता. जालना हे नाव तोवर क्रिकेटच्या नकाशावर कोणी शोधीत नसे. बियाणे आणि पोलाद यांसाठीच ते शहर प्रसिद्ध. एका खेळीने ते देशभर झाले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे भारताच्या मुलांनी एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. २०१४ च्या विश्वचषकात तर तो कर्णधारच झाला. जालन्याचा मुलगा भारताच्या मुलांचा कप्तान! मराठवाड्याला केवढा आनंद झाला असेल, हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. त्याच वर्षी आयपीएलमधल्या बेंगळुरूच्या संघातही त्याची निवड झाली.

पुढे काय झाले? २०१४ च्या त्या स्पर्धेत भारत उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला. झोल महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळला, परंतु भारताच्या मोठ्या संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. त्याच्याच हाताखाली खेळलेले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा, सर्फराज खान आणि आवेश खान हे सहाही जण मात्र यथावकाश भारताकडून खेळले. कप्तान राहिला आणि शिपाई गड चढून गेले.

हे एकट्या झोलच्या बाबतीत झाले असते, तर दैव म्हणून सोडून देता आले असते. परंतु २०१२ चा विश्वविजेता संघ घ्या. अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करणारा कप्तान उन्मुक्त चंद हा त्या दिवशी साऱ्या देशाला भावी विराट कोहली वाटला होता. तो भारताकडून एकही सामना खेळला नाही. २०२१ साली येथून निवृत्त होऊन तो अमेरिकेत खेळावयास गेला. त्या पंधरा जगज्जेत्या मुलांपैकी भारताच्या मोठ्या संघापर्यंत पोहोचले दोघे: हनुमा विहारी आणि संदीप शर्मा. लक्षात घ्या, हे पंधरा म्हणजे गल्लीतले नव्हेत. साऱ्या देशातून गाळून, पाखडून, निवडून काढलेले हे पंधरा दाणे होते.

हॉकीची गोष्ट याहून निराळी नाही. १८ डिसेंबर २०१६ रोजी लखनौला भारताच्या कुमार संघाने बेल्जियमला २-१ असे हरवून कुमारांचा विश्वचषक जिंकला. त्या संघातील हरमनप्रीत सिंगसह अनेकांनी पुढे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भारताला एक्केचाळीस वर्षांनी हॉकीतले पदक मिळवून दिले. परंतु लखनौला चषक उंचावणारा कप्तान हरजीत सिंग टोकियोच्या संघात नव्हता. मालमोटार चालवणाऱ्या बापाचा हा गुणी मुलगा. त्याच्या आयुष्यावर चित्रपटही निघाला. चित्रपट निघाला आणि मोठ्या संघातली जागा मात्र टिकली नाही.

आता उलट बाजू पाहू. आपल्या महाराष्ट्राने हॉकीला दिलेला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे खडकीचे धनराज पिल्ले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत ते वाढले. वडील मैदानाची देखभाल करीत. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा थोडा. मोडक्या काठ्या दोरीने बांधून ही मुले खेळायला शिकली. त्यांच्या नावाचा फलक कोणी चौकात लावला नव्हता. थोरला भाऊ मुंबईत खेळत होता, त्याच्या मागोमाग ते गेले आणि तेथे घडले. १९८९ ते २००४ पर्यंत ते भारताकडून खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. १९९८ साली बँकॉकला त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यांचे पाय पाळण्यात कोणी पाहिले होते?

तेव्हा प्रश्न असा पडतो, की लहानपणी दिसणारी ती चमक असते तरी कसली? ती खोटी असते असे मी म्हणत नाही. ४५१ धावा कोणी खोट्या करीत नाही. परंतु तिच्यात पुष्कळ गोष्टींची भेसळ असते. १९८० च्या दशकात कॅनडातील रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या जन्मतारखा तपासल्या. निवडक संघांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची भाऊगर्दी दिसली. ग्रहांचा यात काही संबंध नव्हता. वयोगट एक जानेवारीला मोजत; त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असून एकाच गटात खेळे. दहाव्या वर्षी एका वर्षाचे अंतर म्हणजे चार बोटे उंची आणि दुप्पट जोर. शिक्षकाला तो जोर गुण वाटतो. मग त्याच मुलाला चांगला संघ, चांगला शिक्षक, जास्त सराव मिळतो, आणि वाटलेले पुढे काही अंशी खरेही होते. परंतु विसाव्या वर्षी सगळ्यांनाच मिशा फुटतात. ज्याची मिजास नुसत्या जोरावर होती, त्याचे भांडवल तेथे संपते.

दुसरी भेसळ समोरच्या संघाची. १८९९ साली इंग्लंडमध्ये क्लिफ्टन येथील शाळेत ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने शाळेच्या आपसातल्या सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. सारे इंग्लंड चकित झाले. पुढे तो सैन्यात गेला, एकही प्रथम श्रेणीचा सामना खेळला नाही, आणि १९१४ च्या नोव्हेंबरात ईप्रच्या रणभूमीवर पडला. त्याचा विक्रम एकशे सोळा वर्षे टिकला आणि तो मोडला आपल्या कल्याणच्या मुलाने. ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. समोर बरीचशी लहान मुले होती, मैदानाची एक बाजू आखूड होती. तरी पण हजार धावा म्हणजे हजार धावा, त्याला दम लागतो. दुसऱ्या दिवसापासून दूरचित्रवाणीचे कॅमेरे त्या घराबाहेर उभे राहिले. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मुलाच्या धावा आटल्या, आणि २०१७ साली वडिलांनी आपण होऊन ती शिष्यवृत्ती थांबवावी असे कळविले. त्या रिक्षा चालवणाऱ्या बापाविषयी मला फार आदर वाटतो. मुलाच्या डोक्यावरचे ओझे त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले.

तिसरी गोष्ट भेसळ नव्हे, तर नुसते गणित आहे. मोठ्या संघात जागा अकरा. त्या दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. एकेक माणूस दहा-दहा वर्षे बसून असतो. खालून मात्र दरवर्षी नवी मुले येतच असतात. राहुल द्रविड मुलांच्या संघाचे शिक्षक असताना त्यांनी हाच धोका बोलून दाखविला होता, की कुमारांचे क्रिकेट हेच मुलांना ध्येय वाटू लागते. त्यानंतर २०१६ पासून भारतीय मंडळाने एका मुलाला एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळता येईल असा नियम केला. पायरी ही पायरीच राहावी, तिच्यावर कोणी बिछाना घालू नये, एवढाच त्याचा अर्थ.

येथवरचे टाचण वाचून कोणी म्हणेल, की मग सगळेच व्यर्थ. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. यशाचा अर्थ काय, हे ठरविताना आपण मोठी घाई करतो. या संदर्भात मला भाऊसाहेब निंबाळकरांची आठवण होते. १९४८ चा डिसेंबर. हैदराबाद संस्थान भारतात येऊन मराठवाडा मोकळा झाला, त्याला अवघे तीन महिने झाले होते. जालना आणि भोकरदनच्या लोकांना तेव्हा क्रिकेटचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. तिकडे पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा रणजी सामना चालू होता. कोल्हापूरच्या निंबाळकरांनी कमल भांडारकरांच्या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी रचली, आणि पुढे जात जात ते नाबाद ४४३ पर्यंत पोहोचले. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांच्या अंतरावर आला. सुटी झाली, आणि काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी पुढे खेळण्याचे नाकारले. आपल्या संघाच्या नावावर असा विक्रम लागू नये, ही त्यांची चिंता! सामना तेथेच संपला.

एवढे करून निंबाळकरांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळावयास मिळाली नाही. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. पाळण्यातले नव्हे, चांगले चालते-बोलते पाय होते ते. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी सत्तेचाळीसच्या वर सरासरीने ४,८४१ धावा केल्या. २०१२ च्या डिसेंबरात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला एकच दिवस राहिला असताना ते गेले. त्यांना अयशस्वी म्हणण्याची कोणाची छाती आहे? आणि योगायोग पाहा: सहा दशकांनंतर त्याच महाराष्ट्राच्या मुलांच्या संघातून जालन्याच्या एका पोराने ४५१ केल्या. १९४८ साली ज्या मुलखातून पुण्याच्या मैदानापर्यंत वाट नव्हती, तेथून आता वाट झाली आहे. औरंगाबादचे इक्बाल सिद्दिकी २००१ साली मोहालीला इंग्लंडविरुद्ध एक कसोटी खेळले. मागाहून पैठणच्या अंकित बावणेने महाराष्ट्राच्या रणजी संघाचे नेतृत्व केले. झोल ज्या वाटेने गेला ती वाट बुजलेली नाही. आपण पोहोचला नसेल, पण मागच्यांसाठी पायवाट मळवून गेला. हाही एक हिशेब आहे आणि तो धावांच्या वहीत लिहिलेला नसतो.

आता जमिनीविषयी. मुलासाठी घरदार पणाला लावण्याचे उदाहरण म्हणून सगळेजण खाशाबा जाधवांकडे बोट दाखवितात. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून ते ऋण फेडले. ही गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. परंतु तिच्यातला एक तपशील आपण विसरतो. खाशाबा तेव्हा पंधरा वर्षांचे नव्हते, सव्वीस वर्षांचे होते. चार वर्षांपूर्वी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, आयुष्यात प्रथमच गादीवरची कुस्ती खेळून, त्यांनी सहावा क्रमांक मिळविला होता. प्राचार्यांनी घर गहाण टाकले ते होतकरूपणावर नव्हे, सिद्ध झालेल्या गुणावर. शिवाय ते गहाण टाकले, विकले नाही. आणि ते एका प्रवासासाठी होते, अनिश्चित दहा वर्षांसाठी नव्हे. धाडस आणि जुगार यांत एवढाच फरक असतो.

म्हणून केदारखेड्याला मी जे उत्तर कळविले ते असे: जमीन विकू नको. पोराला खेळू दे, भरपूर खेळू दे. सुटीत चांगल्या शिक्षकाकडे पाठव. त्याला लागेल तो खर्च पिकातून कर. शाळा सोडवू नको. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीसारख्या ठिकाणी, जेथे राहणे, शिकणे आणि खेळणे एकत्र होते, तेथे त्याच्या खेळाला जागा असेल तर चाचणीला धाड. ती त्याच्या गुणावर मिळेल, तुझ्या सातबाऱ्यावर नव्हे. आणि तीन गोष्टी बघत जा. आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या गोलंदाजांसमोर तो कसा खेळतो? लागोपाठ तीनदा शून्यावर बाद झाल्यावर चौथ्या दिवशी पहाटे तो आपण होऊन उठतो का? आणि टाळ्या वाजवायला कोणी नसले, तरी भिंतीवर चेंडू मारीत तो एकटा तास-दोन तास रमतो का? पहिली गोष्ट जोर आणि गुण यांतला फरक सांगेल. बाकीच्या दोन तो किती लांब चालेल ते सांगतील. आणि तो चौकातला फलक तेवढा उतरवून ठेव.

मावसभावाचे दोन ओळींचे उत्तर आले. जमीन ठेवली आहे. फलक वाऱ्याने आधीच फाटला होता. पोराचे म्हणणे मात्र असे, की 'दुसरा झोल' हे त्याला पहिल्यापासूनच आवडत नव्हते. हे वाचून त्या मुलाविषयी माझे मत एकदम चांगले झाले.

शेवटी मुंबईच्या एका मुलाची हकीकत सांगतो. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. नाबाद ३४९ विनोद कांबळी, नाबाद ३२६ सचिन तेंडुलकर. त्यांतील एकाचे नाव घेऊन लोक आजही हात जोडतात. दुसऱ्याने कसोटीत लागोपाठ दोन द्विशतके केली, चोपन्नची सरासरी राखली, तरी त्याची शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षीच झाली. आणि त्या दिवशी पॅड बांधून तिसरा एक मुलगा तंबूत बसला होता. पुढचा खेळण्याचा क्रमांक त्याचा होता. तो आलाच नाही. त्याचे नाव अमोल मुजुमदार. मोठा झाल्यावर रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या. लोक म्हणाले, हा दुसरा तेंडुलकर. वीस वर्षे तो खेळला, अकरा हजारांवर धावा केल्या, आणि भारताची टोपी त्याच्या डोक्यावर एकदाही चढली नाही. २०१४ साली त्याने बॅट ठेवली. त्याच्या नावापुढे 'राहून गेला' असे लिहून लोकांनी वही मिटली.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला. त्या मुलींचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. आझाद मैदानावर पॅड बांधून बसलेल्या त्या मुलाला आपला क्रमांक यायला सदतीस वर्षे लागली, आणि आला तोही त्याने कधी कल्पिला नसेल अशा वाटेने.

पाळण्यात पाय दिसतात, हे खरेच. वाट मात्र दिसत नाही. ती दिसत नाही म्हणूनच, ज्या पायांना चालायचे आहे त्यांच्याखालची जमीन घरच्यांनी विकू नये.